सात काचांवरचे डाग

१

आवटे बाई विद्यार्थ्यांना रडवणाऱ्यांतल्या. स्वतः रडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये तोंडाला रुमाल लावून बसलेल्या दिसल्या, तेव्हा आळेफाट्याजवळच्या माळावरचं ते अख्खं कॉलेज हलक्या पावलांनी चालू लागलं.

पदार्थविज्ञानाच्या आतल्या खोलीत बाईंच्या बारा काचा होत्या. बोटाच्या दोन पेरांएवढ्या. प्रत्येकीवर एका खास प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेला, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतका पातळ. चार महिने खपून केलेल्या, आणि एका चपट्या पेटीत घालून सुकवायच्या बरणीत ठेवलेल्या. दिवाळीनंतर पुण्याहून त्यांचे मार्गदर्शक त्या बघायला यायचे होते. शुक्रवारी संध्याकाळी काचा ठणठणीत होत्या. सोमवारी बाराच्या बारा मेलेल्या.

"मेलेल्या म्हणजे?" प्राचार्यांनी विचारलं. ते मराठीचे प्राध्यापक होते.

"म्हणजे मीटर वाटेल ते आकडे दाखवतोय, सर. ओल शिरलीय. सुकवायच्या बरणीतले निळे खडे गुलाबी पडलेत."

हे खडे हवेतली ओल पितात आणि पोट भरलं की गुलाबी होतात, एवढं बाईंनी समजावून सांगितलं. बरणी बंद असती तर त्यांचं पोट भरायचं कारण नव्हतं. म्हणजे ती कुणीतरी उघडली होती. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक बाईंच्या पर्समध्ये, आणि बाई शनिवार-रविवार घोडेगावला घरच्या नवरात्रात. दुसरी प्रयोगशाळेतला मदतनीस अजीज कागदी याच्या कमरेला.

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. अजीज अकरा वर्षं हंगामी होता, आणि त्याला कायम करायचा ठराव नेमका येत्या गुरुवारी संस्थेच्या बैठकीत यायचा होता. असलं लचांड फाइलला चिकटलं की ठराव बारगळलाच म्हणून समजायचं. त्यांनी डिंगोऱ्याला डुंबरे सरांना फोन लावला.

२

चांगदेव डुंबरे सरांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, पण कॉलेज त्यांना निवृत्त होऊ देत नव्हतं आणि त्यांचीही त्याला हरकत नव्हती. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळची खुर्ची, स्नेहसंमेलनाला पहिली रांग, खंडेनवमीला हार, आणि काही हरवलं-फुटलं की पहिला फोन. रसायनशास्त्राच्या कपाटातली प्लॅटिनमची मूस गायब झाली होती, तेव्हा त्यांनीच ती अर्ध्या तासात बेसिनखालच्या वाकड्या नळीतून काढून दिली होती. प्रश्नपत्रिका फुटली तेव्हा कार्बन पेपर उजेडात धरून माणूस पकडला होता. डुंबरे सरांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं लोक म्हणत. सरांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की ते लोकांचं मत न वाटता काट्यावर तोलून काढलेलं वजन वाटू लागलं होतं.

दोन वाजता सर आले. बाईंनी दिव्याखाली एकेक काच चिमट्यानं धरून दाखवली. सात काचांवर बारीक बारीक ठिपके होते. पाच स्वच्छ दिसत होत्या, पण मीटरवर त्याही बिघडलेल्याच.

"माझं रसायनशास्त्र जुनं आहे," सर म्हणाले. "सोपं करून सांगा."

बाईंनी सांगितलं. या प्लास्टिकच्या रेणूला दोन टोकं, एक धन आणि एक ऋण. विजेचा दाब दिला की सगळे एका दिशेला तोंड करून उभे राहतात, प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखे, आणि दाब काढून घेतला तरी रांग मोडत नाही. पाण्याचा रेणूही दोन टोकांचाच, म्हणून तो या रांगेला येऊन बिलगतो. थोडं पाणी नुसतं वर बसतं, थोडं साखळ्यांच्या मधे शिरतं. वरचं लगेच उडतं. आतलं काढायला जास्त ऊब लागते आणि जास्त धीर लागतो. ते किती शिरतं, रांगेचं तोंड कुठं आहे यावर त्यात काय फरक पडतो, हाच बाईंचा विषय. दर आठवड्याला त्या स्वतःच काचांना मोजून वाफ देत आणि तापवून काढून घेत.

"पण ती माझी मोजलेली, शुद्ध पाण्याची," बाई म्हणाल्या. "ही कुठली, कधी शिरली, किती शिरली, काहीच माहीत नाही. दोन रात्री सगळ्या भट्टीत ठेवून बघते."

गंमत म्हणजे हा पापुद्रा जन्मतोही पाण्यावरच. पसरट तबकात पाणी घ्यायचं, वर द्रावणाचे थेंब सोडायचे, पाण्यावर सायीसारखा थर पसरला की काच आडवी टेकवून तो उचलायचा. असं चाळीस वेळा. बाईंचा हात कापायचा. अजीजचा कापत नसे. त्याचा आजा जुन्नरला हातकागद करायचा, हौदातल्या लगद्यातून चाळणीवर ताव उचलायचा. अजीज या पापुद्र्यांनाही तावच म्हणायचा.

"म्हणजे काचा केल्या त्यानंच," सर म्हणाले.

"बाराच्या बारा त्यानंच, सर. म्हणून तर कळत नाही."

सरांना मात्र कळल्यासारखं वाटत होतं. स्वतःच्या हातची वस्तू माणूस मुद्दाम मोडत नाही. विसरतो, हयगय करतो. चौकशीला बसायच्या आधीच त्यांनी मनात निकाल लिहून टाकला होता.

३

आधी गोरख खिल्लारीला बोलावलं. हा बाईंच्याच विभागातला. बाईंना आतली खोली मिळाली म्हणून वर्षभर धुसफुसत होता, त्यामुळे त्याला विचारणं भागच होतं.

"शनिवारी आतल्या खोलीत कोण गेलं?"

"शनिवारी काम कुठं होतं, सर? पूजा झाली, पेढे खाल्ले, साडेअकराला घरी." गोरखनं सरांकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि घड्याळाशी चाळा करू लागला. सरांनी ती नजर धुसफुशीच्या खात्यात टाकली.

झाडलोट करणारी लंकाबाई दारातच उभी राहिली. तिनं सांगितलं की कुणी परकं आलं नाही, खिडक्या बंदच होत्या, कुणी पाणी सांडलं नाही. "फरशी तेवढी चिकट व्हती आज सकाळी. दोनदा पुसली तवा गेली."

"चहा सांडला असेल कुणाचा," सर म्हणाले आणि पुढं गेले.

शेवटी अजीज. पन्नाशीला आलेला, बारीक चणीचा, शर्टाची वरची गुंडी लावलेला. हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

"बरणी उघडी ठेवलीस?"

"न्हाई सर. उघडी ठिवली न्हाई."

"पण उघडलीस."

अजीजची नजर फरशीवर गेली. मग म्हणाला, "उघडली."

"बाईंना न विचारता? कशासाठी?"

अजीजनं मान वर केली आणि सरांच्या तोंडाकडे बघत राहिला. कुणी आपल्याला ओळखतंय की नाही हे बघावं, तसा.

"तुमी इचारताय, सर?"

"मीच विचारतोय. चौकशी माझ्याकडे आहे."

अजीजनं मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही. सरांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा आवाज चढवून विचारलं. निरपराध माणूस गप्प बसत नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता. निदान असा अनुभव आहे असं ते तीस वर्षं सांगत आले होते. शेवटी ते चिडले आणि बोलून गेले.

"तुझ्या हातात काचेचं सामान देणं हीच चूक झाली."

पाठीमागं बांधलेले हात अजीजनं पुढं घेतले, एकदा बघितले आणि बाहेर गेला. संध्याकाळी सरांनी प्राचार्यांना तोंडी सांगून टाकलं की हा हयगयीचा प्रकार आहे, लेखी अहवाल गुरुवारी देतो. प्राचार्यांनी अजीजला बैठकीपर्यंत कामावर येऊ नको म्हणून कळवलं.

४

मंगळवारी दुपारी सरांनी डिंगोऱ्याला ओटीवर बसून अहवाल लिहिला. अक्षर सुरेख, भाषा नेमकी. शेवटचं वाक्य त्यांना विशेष जमलं होतं: सदर कर्मचाऱ्यास जबाबदारीच्या पदावर कायम करणे संस्थेच्या हिताचे होणार नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचून पाहिलं आणि जेवायला बसले. त्यांच्या पत्नी सरूबाईंनी भाकरीबरोबर खोबऱ्याची चटणी वाढली.

"चटणी झकास झालीय."

"कालिजातनं तुमी आनलेलं खोबरं व्हतं. संपलं आता."

बुधवारी सकाळी फोन वाजला. आवटे बाई होत्या.

"सर, पाच काचा जगल्या. पूर्ण. जशाच्या तशा आकड्यांवर आल्या. पण त्या सात... तुम्ही याच. फोनवर सांगून पटणार नाही."

५

सातही काचांवरचे ठिपके भट्टीतून तपकिरी होऊन निघाले होते. फिक्या चहाच्या रंगाचे.

सर दिव्याखाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. पाणी तापवलं की उडून जातं, रंग मागं ठेवत नाही. तापल्यावर तपकिरी होते ती साखर. गुऱ्हाळाच्या कढईशेजारी वाढलेल्या माणसाला हे शिकवायला पुस्तक लागत नाही. नुसती ओल शिरली असती तर बारा काचांचं दुखणं एकच असतं आणि बाराही भट्टीत बऱ्या झाल्या असत्या. ओलीनं तर पाचांनाही पछाडलं होतं. बंद बरणीत भिजकी वस्तू ठेवली गेली, तिची वाफ सगळ्यांना लागली आणि खड्यांनाही लागली. पण सातांवर थेंब पडले होते, आणि त्या थेंबांत काहीतरी विरघळलेलं होतं. पाणी उडून गेलं, ते काहीतरी मागं राहिलं.

"सोमवारी बरणीतून काचांची पेटी काढली तेव्हा आणखी काही दिसलं होतं?"

"काही नाही. दोन-तीन मुंग्या होत्या, फुंकून टाकल्या."

सरांनी बाईंना काचा मूळ क्रमानं मांडायला लावल्या. तीन-तीनच्या चार ओळी. ठिपके एका कोपऱ्यात दाट होते आणि पंख्यासारखे विरळ होत गेले होते. हे सांडलेलं नव्हतं. शिंतोडे होते, एका बाजूनं आलेले.

काल लिहिलेला अहवाल पिशवीत होता. तो आता खोटा ठरला होता, कारण बरणी उघडी राहण्याशी या डागांचा काही संबंध नव्हता. सरांना वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी आनंदच झाला. कोडं पुन्हा जिवंत झालं होतं. अजीज घरी बसला आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

गोड पाणी, चिकट फरशी, चहा. आणि प्रयोगशाळेत बसून चहा पिणारा एकच माणूस. त्यांनी गोरख खिल्लारीला गाठलं आणि फार आढेवेढे न घेता विचारलं की शनिवारी आतल्या खोलीत चहाचा कप घेऊन कोण गेलं होतं.

गोरख आधी लाल झाला, मग त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. "मला साखर आहे, सर. तीन वर्षं बिनसाखरेचा पितोय. सगळ्या स्टाफला माहीत आहे." पट्टी उचलताना तो पुन्हा त्याच चमत्कारिक नजरेनं बघत म्हणाला, "सर, खरंच तुम्हाला आठवत नाही का हो?"

"काय आठवत नाही?"

"काही नाही," गोरख म्हणाला आणि तासाला निघून गेला.

६

चारच्या एस.टी.नं सर घरी आले. गोरखचं वाक्य ओतूरपर्यंत त्यांना राग आणत राहिलं आणि ओतूरच्या पुढं मात्र टोचू लागलं.

हातपाय धुवायला ते परसात गेले. दगडी डोणीच्या कडेला सरूबाईंनी नारळाची करवंटी ठेवली होती, चुलीला घालायला. तिच्याकडे भिंतीवरून मुंग्यांची ओळ लागली होती. बारीक काळ्या मुंग्या, शिस्तीत चाललेल्या. सर तांब्या हातात घेऊन तिथंच उभे राहिले.

मग त्यांना शनिवार आठवला, कॉलेजातल्या खंडेनवमीचा. विसरले होते असंही नाही. देवपूजा ही काही केलेल्या कामांच्या यादीत धरायची गोष्ट नसते, म्हणून ती त्यांनी धरलीच नव्हती.

मोठ्या टेबलावर तराजू, सूक्ष्मदर्शक, मीटर मांडले होते. झेंडूच्या माळा. मान त्यांचा. त्यांनीच आतल्या खोलीकडे बोट केलं होतं: "आवटे बाईंचंही काहीतरी आण रे. त्यांच्याच हत्याराची पूजा राहायला नको." अजीजनं काचेची एक चपटी पेटी आणली. आत काहीतरी चकाकत होतं. काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. झाकणावर कुंकू लावलं आणि म्हणाले, "झाकण काढ. देवापुढं काय झाकायचं?" अजीजनं काढलं नाही. म्हणाला, "सर, ह्याला पाणी चालत न्हाई." तेव्हा स्वतः झाकण काढत ते हसून म्हणाले होते, "अरे, हे पाणी नव्हे, तीर्थ आहे." गोरख हसला. लंकाबाई हसली. त्यांनी पायरीवर नारळ फोडला, करवंटीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि एका बाजूनं सुरुवात करून सगळ्या यंत्रांवर शिंपडत गेले.

एका बाजूनं. पंख्यासारखं.

नारळपाण्यात साखर असते आणि क्षारही असतात. शुद्ध पाणी त्या पापुद्र्यात शिरतं आणि निघूनही जातं. क्षार निघत नाहीत. हे वर्गात कुणी विचारलं असतं तर त्यांनी झोपेतून उठून सांगितलं असतं.

सरूबाईंनी दारातून विचारलं की तांब्या घेऊन असं काय उभं राहायचं.  सोमवारचं अजीजचं वाक्य त्यांना ऐकू येत होतं. तुमी इचारताय, सर? ते त्यांनी उद्धटपणा समजून घेतलं होतं.

७

गुरुवारी बैठक बाराला होती. सर नऊलाच आले. मनात अजून एक लबाड आशा होती: पेटी दुसरीच असेल. बाईंनी सोमवारी रिकामी करून कपाटावर ठेवलेली पेटी त्यांनी खाली घेतली आणि खिडकीशी नेली. काच पुसलेली होती. पण झाकणाच्या खाचेत, फडक्याचं टोक पोचणार नाही अशा कोपऱ्यात, कुंकवाचा एक कण होता.

लंकाबाई झाडू घेऊन आली. सरांच्या हातातली पेटी बघून ती थबकली.

"लंकाबाई, सोमवारी मी विचारलं, कुणी पाणी सांडलं का. तू नाही म्हणालीस."

"सांडलं कुठं व्हतं, सर? तुमी शिंपाडलं व्हतं."

"मग तेच सांगायचं."

लंकाबाईनं झाडू भिंतीला टेकवला. "आता काय सांगावं? आमाला वाटलं, तुमाला ठावं हाय. ठावं आसून अजीजभाऊवर घालताय. मोठी मानसं तुमी. मंग आमी कशाला मदी पडावं?"

नजरेतून काही न सुटणारे डुंबरे सर पेटी धरून उभे राहिले. चूक झाली ती झाली. पण तिघांनी तीन दिवस त्यांना जाणूनबुजून गरिबाचं नुकसान करणारा माणूस समजून वागवलं होतं, आणि त्यांपैकी कुणालाही त्यात नवल वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा गरम झाला. इतकी लाज त्यांना शाळेत छड्या खातानाही वाटली नव्हती.

ऑफिसबाहेरच्या बाकावर अजीज बसला होता. जुन्नरहून वडापच्या जीपनं आलेला, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर जुन्या प्रशस्तिपत्रांची पिशवी. सरांना बघून तो उठला. सर त्याच्या शेजारी बसले, तेव्हा तोही अवघडून टेकला.

"अजीज, सोमवारी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं की, सर. शनिवारी."

सरांनी मान हलवली. अजीजच पुढं म्हणाला, "आन सोमवारी तुमीच इचाराय बसला. मला वाटलं, सरांना पूजेचं नाव नको हाय. आमची घरवाली जहाँआरा म्हनली, पूजेचा इषय हाय, आपन तोंडातून काडायचा न्हाई. गप ऱ्हावा."

"चुकलं माझं," सर म्हणाले. तीस वर्षं हजारो चुका तपासलेल्या माणसाला ते दोन शब्द उच्चारायला फार जड गेले, आणि उच्चारल्यावर फार थोडे वाटले.

अजीजनं पिशवीची घडी नीट केली. "डाग पडनार ह्ये मला कळलं व्हतं. ताव वाळल्यावर थेंब पडला की ऱ्हातो, आजा म्हनायचा. पुसून ठिवल्या. पर ऱ्हायलाच."

८

बैठकीत अध्यक्ष धर्माजी अण्णा, चार सभासद, प्राचार्य आणि आवटे बाई होत्या. सरांनी जुना अहवाल टेबलावर ठेवला, तो फाडावा अशी विनंती केली आणि उभं राहून सगळं सांगितलं. पाच काचा का जगल्या, सात का मेल्या, तपकिरी रंग, मुंग्या, चिकट फरशी, कुंकवाचा कण. असं उकल करून सांगणं एरवी त्यांचा आवडता भाग होता. आज प्रत्येक पायरीवर त्यांचा आवाज बसत गेला. शेवटी ते म्हणाले, "झाकण मी काढलं. अजीजनं अडवलं होतं, त्याला मी हसण्यावारी नेलं. पाणी मी शिंपडलं."

आवटे बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. ते सरांना त्यांच्या रडण्यापेक्षा कठीण गेलं.

धर्माजी अण्णा समजूतदार गृहस्थ होते. "सर, झालं ते झालं. पूजेचं नाव कशाला कागदावर? उद्या गावात चार तोंडं चार बोलतील. तुमचंही नाव नको, त्याचंही नको. हवेतल्या दमटपणानं नमुने खराब झाले, असं लिहा अन् मोकळे व्हा."

सभासदांनी माना डोलावल्या. आणि लपवायचं कशाला, सरांना क्षणभर हायसं वाटलं. एक ओळ लिहिली की संपलं. हार, खुर्ची, पहिली रांग सगळं जागच्या जागी. आपल्याला हायसं वाटलं हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली.

"दमटपणा लिहिला तर बरणी उघडी कुणी ठेवली हा प्रश्न कागदावर राहतो," ते म्हणाले. "अन् किल्ली त्याच्या कमरेला होती. आज ना उद्या ते त्याच्यावरच जाईल. माझंच नाव लिहा, अण्णा."

अण्णांनी सुस्कारा सोडला आणि अजीजला आत बोलावलं. सर म्हणतात ते खरं आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

अजीजनं सरांकडे बघितलं. तीन दिवस घरी बसवलेला माणूस. आता नुसतं हो म्हणाला असता तरी त्याचं काम होत होतं.

"खरं हाय, साहेब," तो म्हणाला. "पर सरांचं एकट्याचं न्हाई. नारळ मी आनला व्हता. कानाशी हलवून बघितला, चांगला पान्याचा बघून आनला."

 सरांनी खाली घातलेली मान ठराव मंजूर होऊन सह्या होईपर्यंत वर झाली नाही. अजीज कागदी कायम झाला, त्याच्या नावापुढं कसलाही शेरा न लागता.

दिवाळीची सुट्टी बाईंनी घेतली नाही. मार्गदर्शकांना पत्र घालून दोन महिन्यांची मुदत मागितली आणि सात काचा पुन्हा करायला घेतल्या. एके दिवशी सकाळी डुंबरे सर कॉलेजात आले. कुणी बोलावलं नव्हतं. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबले. तबकातलं पाणी अगदी स्थिर होतं आणि अजीज त्याच्यावर वाकून काच आडवी खाली नेत होता. काच टेकली, थर उचलला गेला, पाण्यावर तरंगही उठला नाही. मग त्यानं वर पाहिलं.

"या की आत, सर. पेटी धरायला कुनीतरी पायजेच हाय. हात कोरडे हायेत ना?"

हात कोरडेच होते. तरी सरांनी ते पँटला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि मग आत गेले.